नजरचुकीने राहिलेला घाट

मी शिरूरला गेलो ते एका 'ख'मुळे.

माझा पुतण्या रांजणगावच्या एका कारखान्यात नोकरीला आहे. दसऱ्याच्या शुभेच्छांबरोबर त्याने फोनवर एक फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, "काका, तुमच्या शिरूरचा नदीकाठ आता बघण्यासारखा होणार." फोटोत नदीकाठी उभारलेला मोठा फलक होता. वर हात जोडलेले हसरे चेहरे, खाली रंगीत बाकं, दिवे, कारंजं, आणि एका कोपऱ्यात नकाशा. चेहऱ्यांनी इतकी जागा घेतली होती की नकाशा पोस्टाच्या तिकिटाएवढा उरला होता. मी तो बोटांनी मोठा केला आणि हातातला चहा हातातच राहिला. नकाशा माझा होता. मी चोवीस वर्षांचा असताना शाईने काढलेला. कोणीतरी तो जसाच्या तसा उचलून त्यावर रंग भरले होते.

नदीच्या वळणाशी माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'खडक'. माझा 'ख' पोट सुटल्यासारखा येतो. शाळेत त्यापायी छड्या खाल्ल्या, नोकरीत बोलणी खाल्ली, पण तो सुधारला नाही. त्या खडकावरून आता एक जाड तांबडी रेघ गेली होती, आणि रेघेवर छापलं होतं, 'संरक्षक भिंत'.

त्या जागी खडक नाही. तिथे अकरा पायऱ्यांचा घाट आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मी संबंधित कार्यालयाला पत्र पाठवलं. उत्तर नाही. दुसरं पाठवलं. त्याचंही नाही. मुलगा म्हणाला, "बाबा, ईमेल करा." ईमेलचं उत्तर मात्र त्याच मिनिटाला आलं, की ही पेटी भरली आहे. तेव्हा दिवाळी उरकल्यावर मी पिशवी भरली. सांगली ते शिरूर या प्रवासाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. माझे गुडघे वाटेत जे म्हणाले ते छापण्यासारखं नाही.

घोडनदी

जुनी माणसं शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. नदीचंच नाव गावाला. एके काळी गोऱ्यांची छावणी होती, नगरच्या वाटेवरचा मुक्काम होता, मोठा बाजार होता. मी नोकरीला होतो तेव्हा बाजाराच्या दिवशी घाटावर बैलगाड्या सुटायच्या, बैल पाणी प्यायचे, आणि पलीकडच्या नगर जिल्ह्यातली माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन नदीतून चालत यायची. आता पूल आहे, आणि पुलाच्या दोन्ही टोकांना गाड्यांची अशी रांग की नदीतून चालत येणारे लवकर पोचत असतील.

लॉजवर पिशवी टाकून चहा मागितला. गुळाचा आला. दुसऱ्या टपरीवर गेलो, तिथेही गुळाचा. तिसऱ्यावर मी आधीच सांगितलं, "साखरेचा द्या." तो म्हणाला, "आबा, साखरेनं शुगर होती." आम्ही सांगलीकर, साखर कारखान्यांच्या सावलीत वाढलेले. मला शुगर वीस वर्षांपासून आहे आणि ती कशाने होते हे मला टपरीवर ऐकायचं नव्हतं. मी गुळाचा प्यालो. वाईट नव्हता, याचा आणखी राग आला.

मोठा घाट जागेवर आहे. दगड जुने, चिरेबंदी. तो कोणी बांधला असं मी तिघांना विचारलं. पहिला म्हणाला, एका सरदाराने. दुसरा म्हणाला, एका सावकाराने. तिसऱ्याने मला आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "काय, रील बनवताय का?" घाटावर एकीकडे सतरंज्या धुतल्या जात होत्या, एकीकडे रिक्षा. एका बाजूला दशक्रियेची पत्र्याची शेड. वर माणसाच्या उंचीची लाल अक्षरं, गावावरचं प्रेम जाहीर करणारी, आणि त्यांच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची रांग. आमच्याकडे कृष्णेच्या घाटावर संध्याकाळी माणसं येतात ती नदीकडे तोंड करून बसतात. इथे सगळे नदीकडे पाठ करून, लावलेल्या मोटारसायकलींवर नजर ठेवून बसले होते. चोरीची भीती, असं एकाने सांगितलं. नदीला कोण चोरतंय!

मी काठाकाठाने खाली निघालो. वळणाशी चिखल होता. उजवी चप्पल त्यात रुतली ती रुतलीच. काढायला वाकलो तर मीच बसलो. असा, एका पायात चप्पल आणि मागे चिखलाचा ठसा घेऊन, मी त्या पायऱ्यांसमोर पोचलो.

तिथे माणसं फावडी घेऊन गाळ काढत होती. कारखान्यांतले बिहारकडचे कामगार. छठपूजा तीन दिवसांवर आली होती. वरच्या पायऱ्या धुऊन लख्ख केल्या होत्या आणि प्रत्येक पायरीवर चुन्याने एकेकाचं नाव लिहिलं होतं. जागा राखायची त्यांची पद्धत. आमच्याकडे नाटकाला रुमाल टाकतात तशी.

त्यांतल्या एकाने मला हात देऊन वर घेतलं. "बैठिए चाचाजी. गिर गए का?"

मी विचारलं, "ये क्या है, मालूम है?"

त्याला प्रश्नच कळला नाही. "घाट है, और का?"

"नक्शे में पत्थर लिखा है."

"जो लिखा है, उसको लाके यहाँ नहलाइए," तो म्हणाला, आणि सगळे खो खो हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

तेवढ्यात वरून पाण्याच्या नळाची चावी घेऊन एक बाई आल्या. साठी ओलांडलेल्या, पांढरी साडी, चष्मा, चालण्यात इस्पितळाची घाई. "हितं नाय बसायचं, वल्लं हाय," त्या मला म्हणाल्या. मग पायाकडे पाहून, "चप्पल कुठं गेली? कोण पायजे तुम्हाला?"

मी सांगितलं की मी पूर्वी इथे नकाशाच्या कामाला होतो. त्यांनी चावी पदरात धरली.

"सांगलीकर साहेब?"

मी मान हलवली.

"मी सुमन. सोजरबाईची पोरगी."

आता ते सांगायला हवं.

मी सरकारी खात्यात ट्रेसर होतो. मोजणीवाले काठावरून मापं घेऊन यायचे. ती कागदावर बसवून, त्यावर पारदर्शक कापड ताणून, शाईने पक्का नकाशा काढायचा, हे माझं काम. घोडनदीवर बंधारा व्हायचा होता आणि पाणी मागे कुठवर चढेल ते दाखवायचं होतं. घाट दाखवणं महत्त्वाचं होतं, कारण पाणी चढल्यावर प्रत्येक घाटाला वरच्या अंगाने नव्या पायऱ्या जोडून मिळणार होत्या. मी गावात विचारलं, घाट किती? सगळ्यांनी सांगितलं, दोन. तिसरा कोणी सांगितला नाही, कारण त्याला घाट म्हणतच नसत. त्याला 'उतार' म्हणत. बौद्धवाड्यातल्या माणसांनी तो स्वतः बांधला होता, सुट्टीच्या दिवशी, स्वतः दगड घडवून. मोजणीच्या वहीत 'उतार' असं लिहून आलं. मी उतार म्हणजे उतरती जमीन समजलो, आणि जमिनीवर दगड दिसले म्हणून 'खडक' लिहिलं.

इथपर्यंत ती चूक होती. नकाशा पुरा होत आला तेव्हा सोजरबाई कचेरीत आल्या. वाचता येत नव्हतं, पण बोटाने नदी धरून, वळण घेऊन, बरोबर त्या जागी पोचल्या. "हितं आमच्या पायऱ्या. कुठं हायेत?" त्यांनी मला तिथे नेलं. मी पायऱ्या मोजल्या. त्या मोठ्याने मोजत होत्या, मी मनात. मी म्हणालो, टाकतो.

कापडावरची शाई पात्याने खरवडून काढावी लागते. ती जागा बदलायची तर काठाच्या सगळ्या रेघा पुन्हा ओढायच्या. दीड दिवसाचं काम. आणि त्याच संध्याकाळी मला सांगलीची गाडी धरायची होती, मुलगी बघायला. साहेबांना नुसतं सांगितलं असतं तरी मुदत मिळाली असती. मी सांगितलं नाही. नकाशा गुंडाळून नळीत घालत होतो तेव्हा सोजरबाई पुन्हा आल्या. "टाकल्या का पायऱ्या?"

मी म्हणालो, "टाकल्या."

मुलगी पसंत पडली. लग्न झालं, संसार झाला. बंधारा झाला. दोन घाटांना नव्या पायऱ्या मिळाल्या. तिसऱ्यापुढे नुसता चिखल उरला.

सुमनताईंनी त्या दिवशी मला घरी नेलं, पाय धुवायला पाणी दिलं, भावाची जुनी चप्पल दिली. त्या सरकारी दवाखान्यात नर्स होत्या, आता निवृत्त. मी 'टाकल्या' असं खोटं सांगितलं होतं, तेही मी कबूल केलं. त्या रागावल्या नाहीत, हे माझ्या अंगावर आलं. सरळ आवाजात सांगत राहिल्या.

"आई दर दोन-चार वर्षांनी कचेरीत जायची. म्हणायची, नकाशात हाय, सांगलीकर साहेबांनी टाकलंय. ते नकाशा उघडायचे, म्हणायचे, बाई, हितं खडक हाय. आई म्हणायची, तुम्ही दुसराच नकाशा बघताय. मरस्तवर तिला वाटायचं, खरा नकाशा कुणीतरी दडवून ठिवलाय."

मी म्हणालो, "खरा-खोटा नव्हता. एकच होता."

"ते आता कळलं," सुमनताई म्हणाल्या.

मग त्यांनी अर्जांचा गठ्ठा काढला. वर्षभर त्या भिंतीविरुद्ध अर्ज करत होत्या आणि सगळीकडून एकच उत्तर येत होतं, मूळ नकाशात घाट नाही. येत्या सोमवारी जेसीबी लागणार होता. तो दिवस मंगळवार.

दौंड

मूळ नकाशा शिरूरला नव्हता. खात्याच्या कुठल्याशा फेररचनेत जुनी कागदपत्रं दौंडला गेली होती. बुधवारी सकाळी आम्ही दोघं एसटीने निघालो. न्हावरा, चौफुला. दोन्हीकडे ऊस, पुढे उसाचे ट्रॅक्टर, मागे आम्ही. ट्रॅक्टरवाल्याने मोठ्याने गाणी लावली होती आणि आरसे काढून टाकले होते, त्यामुळे हॉर्न वाजवून वाजवून आमच्या ड्रायव्हरचा हात दुखायला लागला. एका गुऱ्हाळापाशी तर गाडी दहा मिनिटं नुसती उभी राहिली. काकवीचा वास मात्र फार छान होता.

मी सुमनताईंना म्हणालो, तुम्ही त्याला उतार म्हणायचात, म्हणून माझी सुरुवातीची गफलत झाली. शब्दच तसा.

त्या खिडकीबाहेर बघत होत्या. "आबा, उतार आम्हाला लई आवडत हुता म्हणून म्हणायचो व्हय? घाट म्हणलं की वरल्या आळीतली माणसं हसायची. म्हणायची, तुमचा कसला आलाय घाट? भांडणं व्हायची. तवा आजा म्हणला, उतार म्हणा. दगड तर आपलेच हायेत."

पन्नासहून अधिक वर्षं मी माझ्या अपराधातला एवढा भाग भाषेच्या नावावर ढकलत आलो होतो. तोही परत आला. त्या मला 'आबा' म्हणाल्या होत्या हे मला नंतर आठवलं.

कार्यालयात टेबलामागे एक भाऊसाहेब बसले होते.

"बोला आजोबा."

"शिरूरच्या नदीचा जुना नकाशा बघायचाय. त्यात एक उतार राहिलाय."

"उतारा तलाठ्याकडं मिळतो."

"उतारा नाही. उतार."

"सातबाराचाच ना?"

"सातबाराचा नाही हो. नदीचा."

"नदीचा सातबारा नसतो. नदी सरकारची."

"पायऱ्या आहेत तिथे!"

"पायऱ्या म्हंजी घर आलं. मग नमुना आठचा उतारा लागंल. तो ग्रामपंचायतीत."

पलीकडच्या टेबलावरून दुसरा म्हणाला, "नदीवर उतारा टाकायचाय का? आमुशाला टाका. लिंबू, नारळ आन् काळी बाहुली." सगळं कार्यालय हसलं. माझं डोकं तापलं. या खात्यात मी चौतीस वर्षं काढली आणि आज मला तिथे काळी बाहुली आणायला सांगत होते.

सुमनताई पुढे झाल्या. "भाऊसाहेब, त्या कानातलं काढा आधी."

भाऊसाहेबांनी उजव्या कानातली इवलीशी गोळी काढली. क्रिकेट चालू होतं. मग सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी ऐकलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "जेवून या."

दौंडचा अर्धा जीव रेल्वेत आहे. जंक्शन असल्यामुळे खानावळीतली सगळी माणसं गाडी सुटत असल्यासारखी जेवतात. मी पोळी मागितली, चपाती आली, आणि वाढप्याने ती ताटात टाकता टाकताच विचारलं, "अजून काय?" आम्ही बाहेर पडलो आणि वेळ घालवायला भीमेच्या घाटावर गेलो. घोडनदीचं पाणी शेवटी भीमेलाच येऊन मिळतं. पाणी पसरट, हिरवट. दूर पुलावरून मालगाडी जात होती, ती आम्ही पायऱ्या उतरलो तरी संपली नव्हती.

खाली एका म्हाताऱ्याचा दहावा चालू होता. पिंड ठेवलेला आणि कावळा येत नव्हता. झाडावर कावळे चिक्कार, पण सगळे उसाच्या ट्रॅक्टरकडे बघत बसलेले. थोरला मुलगा हात जोडून म्हणाला, "अण्णा, धाकट्याचं लग्न मी करीन." कावळा नाही. "अण्णा, आत्याला बोलवीन दिवाळीला." नाही. धाकटा म्हणाला, "दादा, बांधाचं बोल." थोरला गप्प. मग कोणीतरी फोनवर कावळ्याचा आवाज लावला. न्हावी म्हणाला, "आवाज वाढवा की." आवाज वाढवला, तर झाडावरचे कावळे उडूनच गेले. शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिवला आणि मंडळी आंघोळीला गेली. बांधाचं काही कोणी बोललं नाही.

मला त्या थोरल्याचा संताप आला. माझ्या चेहऱ्यावर तो दिसला असावा.

"आमच्यात हे न्हाई," सुमनताई म्हणाल्या. "आम्ही जलदान विधी करतो. वंदना म्हणतो, चार माणसं तिच्याबद्दल बोलतात, आन् जेवण. आईच्या वेळी मी घाटाबद्दल बोलले."

"काय बोललात?"

"म्हणलं, तिची एक गोष्ट राहिली."

दुपारी भाऊसाहेबांनी खरोखर नकाशा शोधून ठेवला होता. क्रिकेटमध्ये आपण जिंकलो होतो, त्याचा परिणाम. त्यांनी कापड टेबलावर उलगडलं. कापड पिवळं पडलं होतं, शाई तशीच होती. मी इतका चांगला हात कधी चालवला होता याचा मला विसर पडला होता. नदीचं वळण असं आलं होतं की बघत राहावं. आणि वळणाशी 'खडक'. सुमनताईंनी चष्मा पुसून तो शब्द वाचला आणि बोट त्यावर ठेवलं. बराच वेळ ते तिथेच होतं.

"ह्योच नकाशा आईला दाखवायचे," त्या म्हणाल्या.

भाऊसाहेब आता मऊ झाले होते. "आमच्या इंजिनिअर मॅडम परवा शिरूरलाच येणारेत, भिंतीची आखणी बघायला. मी फोन करतो. ज्यांनी नकाशा काढला तेच आलेत म्हटल्यावर काम होईल. असं कधी होत नाही हो. नकाशा काढणारे सगळे फोटोत गेलेले असतात."

पुन्हा घोडनदी

शुक्रवारी सुमनताईंनी सकाळी शेंगोळी केली होती. हुलग्याच्या पिठाची, लसूण ठेचून, झणझणीत. वर बाजरीची भाकरी. आमच्याकडे ज्वारीची असते आणि ती मला जास्त आवडते, पण त्या दिवशी मी दोन खाल्ल्या. मग बसून एक पानभर जबाब लिहिला. मी कोण, नकाशा कधी काढला, सोजरबाई कधी आल्या, मी काय पाहिलं, काय मोजलं, आणि काय सांगितलं. 'माहीत असूनही मी पायऱ्या नकाशात घेतल्या नाहीत व संबंधित बाईंना घेतल्या असे खोटे सांगितले.' हे वाक्य मी इतकी वर्षं मनात लिहीत होतो, की कागदावर ते एका दमात उतरलं.

इंजिनिअर मॅडम दुपारी आल्या. वय माझ्या नातीएवढं, पायात बूट, हातात टॅब. घाटावर छठची गर्दी जमायला लागली होती. बांबू, ऊस, सुपं, केळीचे घड. कामगारांनी सगळा गाळ काढला होता. मॅडमनी टेप लावून पायऱ्या मोजल्या. अकरा. प्रत्येकीवर चुन्याने नाव.

"हा घाटच आहे," त्या म्हणाल्या. "आंधळ्यालाही कळेल. पण आमच्याकडे मूळ नकाशा खडक म्हणतो, आणि नकाशावर माझं चालत नाही. तुमचा जबाब द्या."

आम्ही सुमनताईंच्या ओट्यावर बसलो. मॅडमनी पान वाचलं. पुन्हा वाचलं. मग टॅब बाजूला ठेवला.

"आजोबा, हे असं नाही चालणार."

"का? खरं आहे ते."

"खरंच असेल हो. पण तुम्ही लिहिलंय, माहीत असून. म्हणजे शासकीय नकाशात जाणूनबुजून चुकीची नोंद. हे मी वाचलं की मला चौकशीसाठी वर पाठवावं लागतं. पुण्याला जाईल, तिथून आणखी वर जाईल. माझ्या हातात काही राहणार नाही. तुम्ही 'नजरचुकीने राहिले' असं लिहा. मग ती साधी दुरुस्ती होते. आज संध्याकाळी पत्रक काढते, सोमवारी भिंत सरकते."

'नजरचुकीने' हा आमच्या खात्यातला सर्वांत वापरलेला शब्द. चौतीस वर्षांत मी तो किती वेळा लिहिला असेल! त्यात कोणाची नजर, कोणाची चूक, काही विचारत नाहीत. मी भडकलो.

"पन्नास वर्षांनी मी खरं सांगायला आलोय आणि तुम्ही मला पुन्हा खोटं लिहायला लावताय? जमणार नाही. चौकशी करा, पेन्शन बंद करा, काय हवं ते करा."

"तुमचं काही होणार नाही आजोबा," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "त्या वेळचे सगळे कधीच निवृत्त झालेत. फक्त भिंत बांधून होईल."

मी सुमनताईंकडे पाहिलं. त्या माझ्या बाजूने बोलतील असं मला का वाटलं, कोण जाणे.

"साहेब," त्या म्हणाल्या. आबा नाही, साहेब. "ह्ये कुणासाठी लिवलंय?"

"तुमच्या आईसाठी."

"तुम्ही माफी मागावी असं आई कवा म्हणली? तुम्ही खोटं बोलला ह्येच तिला ठाव न्हवतं. तिला घाट पायजे हुता." त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुम्हाला हलकं वाटावं म्हणून आमच्या पायऱ्या गाडू नका."

समोरून बायका सुपं डोक्यावर घेऊन उतरत होत्या. मंगळवारचाच तो बिहारी माणूस त्यांना जागा दाखवत होता, दुसरी पायरी, तिसरी पायरी. राग आला होता तो मॅडमचा नव्हता, सुमनताईंचाही नव्हता. इतकी वर्षं मी जे ओझं म्हणून वागवलं, ते खाली ठेवण्याच्या घाईत मी पुन्हा सांगलीची गाडीच धरत होतो.

"दुसरा कागद द्या," मी म्हणालो.

मॅडमनी दिला. मी लिहिलं, 'सदर ठिकाणी अकरा पायऱ्यांचा जुना'. मग पेन थांबवून विचारलं, "उतार लिहू की घाट?"

"घाट," सुमनताई म्हणाल्या. "आन् बौद्धवाड्यातल्या लोकांनी बांधलेला, ह्ये बी."

मी ते लिहिलं. मग 'नकाशात दाखविण्याचे नजरचुकीने राहून गेले आहे' असं लिहून सही केली. मॅडमनी टॅबवर जुना नकाशा उघडला आणि वळणाशी बोटाने अकरा आडव्या रेघा ओढल्या. दोन मिनिटंही लागली नसतील. सुमनताईंनी टॅब मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला आणि एकेक रेघ मोजली. दहाव्या रेघेशी टॅब अडकला आणि पडदा काळा झाला. त्या हलल्या नाहीत. पडदा परत उजळेपर्यंत तसाच धरून बसल्या, मग पहिल्यापासून मोजल्या.

मी दुसऱ्या दिवशी परत निघालो. सुमनताई स्टँडवर आल्या होत्या. गाडी लागल्यावर म्हणाल्या, "आबा, त्यो पहिला कागद टाकून दिऊ नका. कचेरीत न्हाई चालला तर दुसरीकडं छापा. तिथं चौकशी न्हाई होत."

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. भिंत घाटाला वळसा घालून गेली आहे. वळसा इतका वेडावाकडा घेतलाय, की दोन पायऱ्यांवर कामगारांना सिमेंटची पोती ठेवायला बरी जागा झाली आहे, त्यासाठी त्या आता नवा अर्ज करणार आहेत.

त्यांनी सांगितल्याप्रमाणे तो पहिला कागद मी इथे उतरवला आहे. कार्यालयाच्या फायलीत माझ्या सहीचा दुसरा आहे. तो कामाचा आहे, त्याला कोणी हात लावू नये. फक्त त्यातला एक शब्द खोटा आहे. मला तो घाट दिसला होता. मी त्यावर उभा होतो, आणि तो दाखवणाऱ्या बाईंचं नाव सोजरबाई होतं.